क्लच प्लेट न जाळता गिअरची गाडी शिकताना

मराठवाड्यात चारचाकी शिकणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक, शाळकरी वयापासून शेतात ट्रॅक्टर हाकलेल्यांचा आणि दुसरा, स्टिअरिंगला कधी हातही न लावलेल्यांचा. पहिल्या गटाजवळ आत्मविश्वास भरपूर असतो आणि क्लचच्या बाबतीत नेमका तोच आडवा येतो. ट्रॅक्टरवाल्याला उभ्या ट्रॅक्टरला दुसरा किंवा तिसरा गिअर टाकून निघण्याची सवय असते, कारण तिथे गिअर कामाच्या वेगानुसार आधीच निवडायचा असतो आणि नांगराच्या एका तासाला, म्हणजे सरीला, लावलेला गिअर दुसऱ्या तासालाही तसाच चालतो. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरवर तर अर्धा पेडल दाबला की चाके सुटतात आणि पीटीओ, म्हणजे मागच्या अवजाराला फिरवणारा दांडा, फिरत राहतो, पूर्ण दाबला की दोन्ही सुटतात. म्हणजे अर्ध्यावर पाय ठेवण्याला तिथे रीतसर अर्थ आहे. मोटारीत त्या अर्ध्या पेडलला फक्त एकच अर्थ असतो, आणि तो म्हणजे झीज. मी स्वतः या पहिल्या गटातला. वडिलांच्या ट्रॅक्टरवर शिकलेला पाय घेऊन मी पहिली जुनी मोटार चालवायला बसलो आणि वर्षाच्या आत तिची क्लच प्लेट संपवली. पुढचे विवेचन त्या खर्चातून शिकलेले आहे.

यंत्र आत काय करते ते आधी समजून घ्यावे, कारण ते समजल्यावर पुढच्या निम्म्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते आणि ते इंजिनाबरोबर सतत फिरते. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या दांड्यावर क्लच प्लेट बसवलेली असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना ब्रेकच्या लायनरसारखा घर्षणाचा थर असतो. प्रेशर प्लेट आपल्या स्प्रिंगच्या जोराने ही क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. पेडलवरून पाय पूर्ण काढलेला असतो तेव्हा हे तिन्ही भाग एकजीव होऊन फिरतात. त्यांच्यात घसरण नसते, म्हणून लायनरची झीजही नसते, मग गाडी ताशी वीसने जावो की शंभराने. पेडल तळापर्यंत दाबला की प्लेट मोकळी होते आणि तेव्हाही लायनर घासत नाही. झीज होते ती या दोन टोकांच्या मधल्या प्रदेशात, जिथे फ्लायव्हील वेगाने आणि प्लेट हळू फिरत असते आणि दोघांचे अंग एकमेकांवर घासत असते. ड्रायव्हिंग स्कूलच्या भाषेत याला हाफ क्लच म्हणतात. हा प्रदेश घराच्या उंबरठ्यासारखा आहे. तो ओलांडल्याशिवाय आत-बाहेर जाता येत नाही, पण त्यावर बसून राहणाऱ्याला आजी उठवते.

उंबरठ्यावर किती उष्णता तयार होते याचा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून तो इथे मांडतो. सपाट रस्त्यावर उभी गाडी निघताना क्लचमध्ये तयार होणारी उष्णता साधारणपणे इंजिनाच्या फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर निघणाऱ्या माणसापेक्षा ॲक्सिलरेटर दाबून २,४०० फेऱ्यांवर रेस धरून, मग क्लच सोडत निघणारा माणूस प्लेटला दुप्पट नव्हे तर चौपट तापवतो. गिअरचे गुणोत्तर म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर जाणाऱ्या दांड्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे होतात तो आकडा; तो जितका लहान, तितकी उष्णता वर्गाच्या प्रमाणात वाढते. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साडेतीनच्या आसपास आणि दुसऱ्याचे दोनच्या जरा खाली असते. त्यामुळे तेवढ्याच रेसवर दुसऱ्या गिअरमध्ये निघाले तर उष्णता तिपटीहून अधिक होते. चढावर गाडी ब्रेकऐवजी क्लचवर धरून ठेवणे हा तर सगळ्यात महागडा प्रकार आहे. हजार किलोची गाडी, दर दहा फुटांना एक फूट चढणारा रस्ता आणि १,५०० फेऱ्यांवर फिरणारे इंजिन असे धरले, तर गाडी जागची न हलता प्लेटमध्ये साधारण तीन किलोवॅट उष्णता ओतली जाते. म्हणजे हजार वॅटच्या तीन इस्त्र्या एका ताटलीएवढ्या चकतीवर पालथ्या घालून ठेवल्यासारखे झाले.

या हिशेबातून नवशिक्याने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. गाडी बंद पडणे ही जवळजवळ फुकटची चूक आहे. इंजिन एकदा आचका देऊन थांबले, तर प्लेटचे फारसे काही बिघडत नाही. न्यूट्रल करून पुन्हा चालू करावे, एवढेच. गाडी बंद पडेल या भीतीने रेस वाढवून क्लच अर्ध्यावर धरून ठेवणे ही मात्र पैशाची चूक आहे. शिकणाऱ्यांच्या बहुतेक प्लेटा या भीतीनेच जळतात, आणि शेजारी बसलेल्या काकांचे "अरे, रेस दे, रेस दे" हे शब्द त्यात भर घालतात.

तयारी

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोटारीच्या शिकाऊ परवान्यासाठी वय १८ वर्षे पूर्ण लागते, हा परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्यावर लाल 'एल' अक्षर हवे. नियमानुसार पाटी किमान १८ सेंटीमीटर चौरस आणि अक्षर किमान १० सेंटीमीटर उंच असावे लागते. पक्का परवाना असलेली व्यक्ती शेजारी बसलेली हवी, आणि तीही गरज पडल्यास गाडी आवरता येईल अशा रीतीने.

सरावाची जागा निवडताना आपल्याकडे एक सोय आहे. जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावाबाहेर प्लॉटिंग झालेली पण घरे न झालेली लेआउट पसरलेली असतात. त्यांचे अंतर्गत रस्ते रुंद, सपाट आणि रिकामे असतात. आठवडी बाजाराचा दिवस टाळावा. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसातच्या आत सराव संपवावा, कारण परभणी-नांदेडकडे पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असताना शिकणाऱ्याचे डोके आणि गाडी दोन्ही लवकर तापतात. शिवाय एसी चालू असला की लहान इंजिनावर भार पडून गाडी निघताना पटकन बंद पडते, म्हणून पहिले काही दिवस एसी बंद ठेवलेला बरा. गाडी सीएनजीवर चालणारी असेल तर शिकण्यापुरती पेट्रोलवर घ्यावी. सीएनजीवर जोर थोडा कमी पडतो. आणि घरची चार माणसे मागे बसवून शिकू नये. जितके वजन अधिक, तितकी उष्णता अधिक, आणि सल्लेही तितकेच अधिक.

सीट अशी पुढे घ्यावी की डाव्या पायाने क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. पाय पूर्ण ताणला जात असेल तर पेडल तळापर्यंत जात नाही, प्लेट पूर्ण सुटत नाही आणि गिअर खरखरत पडतो. पायाखालची मॅट सरकून पेडलच्या मागे अडकली तरी हाच परिणाम होतो, त्यामुळे ती आधी नीट बसवावी. पातळ, सपाट तळव्याचे बूट सर्वांत चांगले. सैल चप्पल टाळावी, आणि साडी नेसून चालवणाऱ्यांनी निऱ्या पेडलांपासून दूर राहतील असे बसावे.

इंजिन बंद असताना

पहिला अर्धा तास चावीला हात लावू नये. हँडब्रेक ओढलेला असताना क्लच तळापर्यंत दाबावा आणि मनातल्या मनात पाच आकडे मोजत वर सोडावा. हे वीस-पंचवीस वेळा केले की पायाला पेडलच्या प्रवासाची लांबी कळते. पाय वर येताना तो शक्यतो घोट्यातून वळावा. अख्खी मांडी उचलून पेडल सोडणाऱ्याचा पाय थरथरतो आणि गाडी आचके देते. त्यानंतर पेडल दाबून पहिला, दुसरा, न्यूट्रल, तिसरा, चौथा, पुन्हा न्यूट्रल असे गिअर न बघता टाकण्याचा सराव करावा. गिअरच्या दांड्याला मुठीत आवळू नये, तळहाताने ढकलावे. तिसऱ्याकडे जाताना दांडा मधे स्वतःहून येतो, त्याला येऊ द्यावे.

पकड कुठे येते ते शोधणे

आता इंजिन चालू करावे, हँडब्रेक घट्ट ओढलेलाच असू द्यावा, ॲक्सिलरेटरला अजिबात पाय लावू नये. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि पेडल अगदी सावकाश वर येऊ द्यावा. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडीचे अंग हलकेच ताणले जाते आणि स्टिअरिंगवर बारीक कंप जाणवतो. तिथे प्लेट फ्लायव्हीलला पकडू लागली. जाणीव होताच पेडल पुन्हा तळाला न्यावा. या जागी एक-दोन सेकंदांहून अधिक थांबू नये, कारण हँडब्रेक ओढलेला असताना सगळी घसरण प्लेटवरच पडते. चार-पाच वेळा झाले की न्यूट्रल करून दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा चार-पाच वेळा करावे.

ही जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते. मामाच्या गाडीत शिकलेली उंची आपल्या गाडीत लागू पडत नाही, आणि त्याच गाडीत प्लेट झिजत गेली तरी ती बदलते. म्हणून इंच लक्षात ठेवण्यापेक्षा आवाज आणि कंप लक्षात ठेवावा.

रेस न देता निघणे

माझ्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच, आणि बहुतेक ठिकाणी तो गाळला जातो. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत इंजिनाचे फेरे पडू लागले की संगणक स्वतःहून थोडे इंधन वाढवतो, त्यामुळे सपाट जागेवर ॲक्सिलरेटरला न शिवताही गाडी निघते. हँडब्रेक सोडावा, पहिला गिअर टाकावा, पेडल पकडीच्या जागेपर्यंत आणावा आणि तिथे पाय गोठल्यासारखा स्थिर ठेवावा. गाडी रांगू लागेल. चाकांनी एक-दोन फेरे घेतले की उरलेला पेडल सावकाश पूर्ण सोडावा आणि डावा पाय उचलून बाजूच्या जागेवर ठेवावा. इथे बहुतेकांची चूक अशी होते की गाडी हलली या आनंदात पाय एकदम सुटतो आणि इंजिन बंद पडते. उलट दुसरी चूक म्हणजे गाडी निघून पन्नास फूट गेली तरी पाय पकडीच्या जागीच राहतो. पहिली चूक फुकटची, दुसरी पैशाची, हे मघाच सांगितले.

हे वीस वेळा करावे, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस वेळा. डिझेल गाडीत हे पहिल्या सकाळीच जमते, छोट्या पेट्रोल गाडीत दोन-तीन दिवस लागतात. रेस न देता सलग दहा वेळा गाडी आचका न देता निघाली, की पुढे जावे.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकणाऱ्यांसाठी इथे एक सूचना. तिथल्या गाडीत शिकवणाऱ्यांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेकचे पेडल असतात, आणि विद्यार्थ्याची गाडी सुरेख निघते तेव्हा पुष्कळदा ती शिकवणाऱ्यांच्या पायाने निघालेली असते. माझ्या पुतण्याने पंधरा दिवसांचा वर्ग पूर्ण केला, आणि घरची गाडी काढताना तो गेटपर्यंतही पोहोचला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून "सर, आज तुम्ही क्लचला पाय लावू नका, बंद पडली तर पडू द्या" असे नम्रपणे सांगावे. चांगल्या शिक्षकाला त्याचा राग येत नाही.

रेसची जोड

आता ॲक्सिलरेटर. इंजिनाचा आवाज गुणगुणण्याइतका वाढेल एवढीच रेस द्यावी, ओरडण्याइतकी नव्हे. फेऱ्यांचा काटा असेल तर तो १,२०० ते १,५०० च्या दरम्यान राहावा. उजवा पाय तिथे स्थिर ठेवून डाव्या पायाने पेडल पकडीपर्यंत आणावा, क्षणभर थांबावे आणि मग उजवा पाय किंचित दाबत डावा पाय पूर्ण सोडावा. एकूण घसरण दोन सेकंदांच्या आत संपली पाहिजे. गाडी निघताना इंजिन मोठ्याने ओरडत असेल आणि गाडी मात्र मंद सरकत असेल, तर पेडल फार हळू सुटतो आहे असे समजावे.

दुसरा गिअर ताशी १५ च्या आसपास, तिसरा २५-३० ला, चौथा ४० च्या पुढे टाकला तर बहुतेक गाड्यांत इंजिन सुखाने चालते. गिअर बदलताना क्रम असा: ॲक्सिलरेटरवरून पाय काढणे आणि क्लच तळाला नेणे एकाच वेळी, मग गिअर, मग पेडल झटका न देता पण न रेंगाळता सोडणे. गाडी आधीच धावत असल्याने इथे निघतानाइतका सावकाशपणा लागत नाही, आणि तो दाखवला तर प्लेट विनाकारण घासते. वरून खालच्या गिअरमध्ये येताना आधी ब्रेकने वेग कमी करावा आणि मग गिअर बदलावा. चौथ्यातून दुसऱ्यात घालून क्लच सोडत सोडत गाडी थांबवणे म्हणजे स्वस्त ब्रेक लायनर वाचवून महाग क्लच लायनर खर्च करणे होय.

थांबतानाही आधी ब्रेक, मग क्लच. वेग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ताशी दहाच्या खाली आला आणि इंजिन थरथरण्याच्या बेतात आले की क्लच दाबावा. दोन्ही पेडल एकदम दाबून लांबूनच गाडी घरंगळत आणण्याची जी सवय लागते, तिच्यात इंजिनाचा रोध मिळत नाही आणि डावा पाय सतत पेडलवर राहतो. पेडलवर नुसता टेकलेला पायही प्रेशर प्लेटचा दाब थोडा कमी करू शकतो आणि रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला ढकलणारे बेअरिंग, विनाकारण फिरवत ठेवतो. ट्रॅक्टरवाल्यांनी या एका सवयीवर विशेष लक्ष ठेवावे. मी स्वतः महिनाभर गिअर बदलून झाला की डाव्या पायाने खाली टक असा आवाज करत असे. हास्यास्पद वाटले, पण सवय मोडली.

गर्दी, फाटक आणि गतिरोधक

लातूरच्या गंजगोलाईत किंवा छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडवर सायंकाळी गाडी नेणे हा शिकाऊ माणसाचा पहिल्या महिन्यातला कार्यक्रम नव्हे, पण कधी तरी तो करावा लागतोच. अशा गर्दीत पुढच्या रिक्षाच्या मागे फूट-फूट सरकू नये. पुढे दोन गाड्यांइतकी जागा होऊ द्यावी आणि मग एकदाच निघून, क्लच पूर्ण सोडून, पहिल्या गिअरमध्ये रेस न देता रांगत जावे. फूट-दीड फूट दहा वेळा सरकण्याऐवजी एकदाच दहा-पंधरा फूट गेलात, तर प्लेट दहाऐवजी एकदाच घासते. मागचा हॉर्न वाजवील. त्याच्या हॉर्नमुळे आपली प्लेट स्वस्त होत नाही.

सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकावर न्यूट्रल करावे आणि दोन्ही पाय मोकळे करावेत. गिअर टाकून क्लच दाबून बसल्याने लायनर घासत नाही हे खरे, पण रिलीज बेअरिंगवर तेवढा वेळ पूर्ण दाब राहतो, आणि पाय दमून थोडा वर आला की घसरण सुरू होते. फाटक उघडण्याची वाट पाहताना तर इंजिनही बंद करावे.

गावाच्या तोंडाशी असलेले, रंग उडालेले, कधी कधी सलग तीन-चार गतिरोधक ही आपल्या रस्त्यांची खासियत. त्यांवरून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून गाडी नेण्याची पद्धत फार रुजलेली आहे. ब्रेकने वेग पुरेसा उतरवावा, गाडी दुसऱ्यात आचके देऊ लागण्याआधीच पहिला गिअर टाकावा, क्लच पूर्ण सोडावा आणि मग गतिरोधक ओलांडावा.

गाडी मागे घेताना किंवा पार्किंग करताना रिव्हर्स हा जवळपास पहिल्या गिअरइतकाच जोरकस गिअर आहे हे लक्षात ठेवावे. सपाट जागेत तो रेस न देता चालतो. वेग जास्त वाटला तर क्लच तळाला नेऊन ब्रेक लावावा. क्लचवर खेळत, रेस वाढवत मागे येऊ नये.

घाटात

मराठवाड्याला लोक सपाट म्हणतात, पण दौलताबादचा घाट, कन्नडजवळचा औट्रम घाट, बीडकडचा मांजरसुंबा घाट किंवा येरमाळ्याचा घाट यांपैकी एखादा आपल्या वाटेत येतोच. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चढावर पुढे असतात आणि त्यांच्या मागे थांबत-निघत जावे लागते. चढावर थांबून गाडी मागे न घसरता पुढे काढता येणे ही १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील चालक चाचणीचीही एक कसोटी आहे. म्हणून ही क्रिया घाटात नव्हे, आधी एखाद्या पुलाच्या हलक्या, रिकाम्या चढावर शिकावी.

हँडब्रेकची पद्धत नवशिक्यासाठी उत्तम. गाडी थांबली की हँडब्रेक पूर्ण ओढावा आणि पाय मोकळे करावेत. निघताना क्लच दाबून पहिला गिअर टाकावा, सपाट रस्त्यापेक्षा थोडी अधिक रेस द्यावी आणि पेडल पकडीच्या जागेपर्यंत आणावा. गाडीचे नाक किंचित उचलले जाते आणि आवाज जड होतो. त्या क्षणी हँडब्रेकचे बटण दाबून तो खाली सोडावा, उजव्या पायाने थोडी रेस वाढवावी आणि डावा पाय पुढच्या दोन-तीन सेकंदांत पूर्ण सोडावा. सगळे जमून येण्यापूर्वी गाडी मागे घसरू लागली, तर क्लचने रोखण्याचा प्रयत्न करू नये; मागे जाणाऱ्या चाकांना क्लचने थांबवताना प्लेट सर्वांत वाईट घासते. ब्रेक आणि क्लच दोन्ही दाबावेत, हँडब्रेक ओढावा आणि पहिल्यापासून सुरुवात करावी. ज्या गाड्यांत चढावर ब्रेक स्वतःहून धरून ठेवण्याची सोय आहे, तिथेही ती पकड साधारण दोन सेकंदच टिकते. तिच्या भरवशावर पाय शोधत बसू नये.

घाटात वाहतूक अडली असेल तर पुढचा ट्रक वीस-तीस फूट गेल्याशिवाय निघू नये. मधल्या वेळात गाडी हँडब्रेकवर, न्यूट्रलमध्ये. कोंडी मोठी असेल तर इंजिन बंद. खाली उतरताना क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून घरंगळू नये. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, साधारण त्याच गिअरमध्ये, क्लच पूर्ण सोडून उतरावे. इंजिन गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत.

काळ्या रानात

पावसाळ्यात शेताकडे जाणाऱ्या वाटेवर काळ्या मातीत चाक रुतले, तर प्लेट जाळण्याची ती सर्वांत जलद जागा असते. चाक फिरत नसेल आणि आपण क्लच अर्ध्यावर धरून रेस वाढवत असू, तर दहा मिनिटांत काही महिन्यांची झीज होते. माणसे खाली उतरवावीत, चाकापुढची माती उकरावी, तिथे मुरूम, दगड किंवा पऱ्हाट्या घालाव्यात आणि क्लच लवकर पूर्ण सोडून हलक्या रेसवर एकदाच प्रयत्न करावा. दोन प्रयत्नांत निघाली नाही तर शेजारच्या शिवारातला ट्रॅक्टर बोलवावा. आपला ट्रॅक्टरवाला गट इथे खरा उपयोगी पडतो.

जळका, कागद करपल्यासारखा उग्र वास आला की सुरक्षित जागी थांबावे, न्यूट्रल करावे आणि प्लेट निवेपर्यंत, निदान पंधरा-वीस मिनिटे, पुन्हा तिच्यावर भार देऊ नये. एकदा वास आला म्हणजे प्लेट गेली असे नाही. वास येत असताना तसेच पुढे रेटले तर मात्र जाते.

झीज ओळखणे

प्लेट संपत आली की पकडीची जागा हळूहळू वर सरकते, म्हणजे पेडल जवळजवळ पूर्ण सुटल्यावर गाडी निघते. पुढच्या पायरीवर चढावर किंवा ओव्हरटेक करताना रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी उचलत नाही. खात्री करायची तर मोकळ्या सपाट जागी, पुढे कोणी उभे नसताना, हँडब्रेक ओढून आणि उजव्या पायाने ब्रेक दाबून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडून पाहावा. इंजिन लगेच बंद पडले तर प्लेट अजून पकडते. ते चालूच राहिले तर घसरते आहे. ही परीक्षा एकदाच घ्यावी, कारण घसरणाऱ्या प्लेटवर तीही भारच आहे.

सगळी लक्षणे मात्र चालवणाऱ्याच्या पायाची नसतात. पेडल दाबताच घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंगकडे बोट जाते. गिअर, विशेषतः रिव्हर्स, खरखरत पडत असेल तर क्लचची केबल सैल झालेली असू शकते किंवा हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणाऱ्या, क्लचमध्ये तेल कमी झालेले असू शकते. अशा बहुतेक गाड्यांत ते तेल ब्रेकच्याच डबीतून जाते, त्यामुळे पातळी उतरली असेल तर दुर्लक्ष करू नये. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल गळून प्लेटवर गेले तर उत्तम चालकाचीही प्लेट घसरते.

बदलायची वेळ आली तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग असा पूर्ण संच टाकावा. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते आणि एका भागासाठी ती दोनदा देण्यात हशील नाही. नवी प्लेट बसल्यावर पहिले काहीशे किलोमीटर जोरकस निघणे आणि ओझे टाळावे. आणि जुने भाग मिस्त्रीकडून मागून घेऊन शांतपणे पाहावेत. लायनर दोन्ही बाजूंनी सारखे झिजून रिव्हेटपर्यंत आले असेल, तर प्लेटने आपले आयुष्य पुरे केले. लायनर शिल्लक असून आरशासारखे चकचकीत झाले असेल आणि प्रेशर प्लेटवर किंवा फ्लायव्हीलवर निळसर डाग असतील, तर ती हाफ क्लचवर तापली. आणि लायनर तेलकट असेल, तर नवा संच बसण्याआधी मिस्त्रीला मागच्या सीलची गळती शोधायला सांगावे.